दर दहा सेकंदांनी नाडीपरीक्षा

मुंबईच्या लोकलने रोज कामावर जाणाऱ्या लाखो माणसांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, त्यांच्या गाडीच्या मोटरमनला एक मूठ सतत दाबून धरावी लागते. रेल्वेच्या भाषेत तिला 'डेडमॅन्स हँडल' म्हणतात. नाव थोडे अभद्र आहे खरे, पण काम मोठे पुण्याचे. मोटरमनला चालत्या गाडीत घेरी आली आणि त्याचा हात मुठीवरून सुटला, तर कुणाच्या हुकमाची वाट न पाहता गाडीचे ब्रेक लागतात. म्हणजे ती मूठ सारा वेळ एकच प्रश्न विचारीत असते, "बाबा रे, आहेस ना?" आणि हाताचा दाब हे तिला मिळणारे उत्तर.

आता या मुठीला किती कळते आणि किती कळत नाही, तेही पाहा. मोटरमनचा हात जागेवर आहे, एवढे तिला कळते. त्याचे लक्ष समोरच्या सिग्नलवर आहे की घरच्या काळजीत बुडाले आहे, हे तिला कळावयाचे कसे? माणूस जिवंत असणे निराळे आणि तो कामाच्या स्थितीत असणे निराळे. मुठीचा संबंध फक्त पहिल्या गोष्टीशी.

हा फरक दिवाळी अंकात सांगत बसण्याचे कारण असे की, आपल्या घरातला बराचसा व्यवहार आज अशाच मुठींच्या भरवशावर चालला आहे. भाऊबीजेला माहेरी जाण्याचे तिकीट, विजेचे बिल, मुलाच्या कॉलेजची फी, आजोबांच्या रक्त तपासणीचा अहवाल, सारे मोबाइलवर. त्या प्रत्येकामागे कुठेतरी एक प्रोग्राम राबत असतो, आणि त्या प्रोग्रामची नाडी दर काही सेकंदांनी दुसरा एखादा प्रोग्राम पाहत असतो. ही नाडीपरीक्षा कशी लावावयाची हे ठरविणारी माणसे आपल्याच घरांतली आहेत. "आमची सून क्लाउडमध्ये आहे," असे सासूबाई कौतुकाने सांगतात. पण ऐन फराळाच्या वेळी फोन वाजला म्हणजे ती लॅपटॉप उघडून नेमकी कुणाची नाडी पाहते, ते काही त्यांना सांगता यावयाचे नाही. तेवढे कळावे म्हणून हा प्रपंच.

ढगातले बिऱ्हाड

'क्लाउड' या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. ढग म्हटला की तो वर आकाशात असावयाचा! प्रत्यक्षात हा ढग जमिनीवर, भक्कम इमारतींत, गार हवेत घरघरणाऱ्या यंत्रांच्या रूपाने नांदत असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आपले एक केंद्र पुण्यात उघडले. ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत. दुसऱ्याच्या मालकीची यंत्रे तासाच्या हिशेबाने भाड्याने घ्यावयाची, एवढाच या ढगाचा अर्थ. जागा भाड्याची, वीज भाड्याची, बिऱ्हाड मात्र आपले.

बिऱ्हाड हलविण्याचा त्रास ज्यांनी सोसला आहे, त्यांना पुढची गोष्ट चटकन पटेल. पूर्वी बोटीवर माल चढवावयाचा म्हणजे गोणी, पिंपे, खोकी एकेक करून हमालांनी वाहावयाची. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याने न्यूअर्कहून ह्यूस्टनला 'आयडियल एक्स' नावाचे जहाज धाडले. त्यावर सारख्या मापाच्या ५८ पेट्या होत्या. आत काय आहे याच्याशी बोटीला कर्तव्य नाही, ट्रकला नाही, आणि क्रेनला तर नाहीच नाही. न्हावाशेवाच्या रस्त्यावर ट्रकांवरून जे अजस्र कंटेनर जाताना दिसतात, ते याच कल्पनेचे वंशज. २०१३ साली 'डॉकर' या साधनाने हीच युक्ती प्रोग्रामांच्या बाबतीत सर्वांच्या हाती दिली. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे सामानसुमान एकाच पेटीत बंद करावयाचे. मग ती पेटी पुण्यात उघडा नाहीतर पॅरिसमध्ये, आतला संसार तोच.

पेट्या शेकड्यांनी झाल्या म्हणजे त्यांच्यावर मुकादम हवाच. २०१४ साली गूगलने 'कुबरनेटीस' नावाचा एक मुकादम जगाला फुकट देऊन टाकला. नाव ग्रीक आहे. अर्थ सुकाणू धरणारा, आपल्या कोळीवाड्यातला तांडेल म्हणा हवे तर. कोणती पेटी कोणत्या यंत्रावर ठेवावी, गर्दी वाढली तर आणखी किती उघडाव्यात, एखादी कोसळली तर तिच्या जागी दुसरी कशी उभी करावी, ही सारी याची कामे.

पेटीतला प्रोग्राम धाडकन कोसळला, तर मुकादमाला ते लगेच कळते आणि तो त्याला पुन्हा उभा करतो. त्यासाठी कुणी काही लावावे लागत नाही. पंचाईत होते ती प्रोग्राम न कोसळता नुसता गप्प बसला म्हणजे. आतली दोन कामे एकमेकांपाशी असलेल्या वस्तूची वाट पाहत अडून राहतात. लखनौच्या त्या दोन नबाबांसारखी 'पहले आप, पहले आप' करीत. बाहेरून पाहावे तर दिवा लागलेला, प्रोग्राम चालू! आणि तिकडे गिऱ्हाईक पडद्यावरचे गोल गोल फिरणारे चक्र पाहत बसलेले.

अशा वेळी उपयोगी पडते ती नाडीपरीक्षा, म्हणजेच 'हेल्थ चेक'. प्रोग्राममध्ये एक छोटासा पत्ता राखून ठेवलेला असतो. मुकादमाचा माणूस ठराविक वेळाने तिथे जाऊन हाक मारतो. उत्तरादाखल २०० ते ३९९ यांपैकी एखादा आकडा आला की प्रकृती ठीक. ५०० वगैरे आला, किंवा ठरल्या वेळात काहीच आले नाही, की बिघाड. इतके हे सोपे आहे. इतके सोपे आहे म्हणूनच ते घाईघाईने, शेवटच्या दिवशी, कुणाच्या तरी जुन्या फाइलीतून उतरवून लावले जाते. आणि मग घोटाळे होतात.

खाणावळीतले तीन प्रश्न

हे घोटाळे समजावून घेण्यासाठी आपण थोडा वेळ ढगातून उतरून एका खाणावळीत जाऊ. समजा, दादरला एक चांगली चाललेली खाणावळ आहे. आत आठ आचारी आहेत. मालक गल्ल्यावर बसलेला, आणि आचाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी त्याने एक चलाख पोऱ्या नेमला आहे. हा पोऱ्या दर दहा सेकंदांनी प्रत्येक आचाऱ्याजवळ जाऊन प्रश्न विचारतो. प्रश्न तीन आहेत, आणि प्रत्येक प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले तर होणारी शिक्षा वेगळी आहे. सारी मेख त्या शिक्षेत आहे.

पहिला प्रश्न : "जिवंत आहेस का?" यालाच 'लाइव्हनेस प्रोब' म्हणतात. लागोपाठ तीनदा उत्तर आले नाही, तर त्या आचाऱ्याला तिथल्या तिथे रजा देऊन त्या जागी नवा माणूस उभा करावयाचा.

दुसरा प्रश्न : "आता ताट वाढायला घेऊ शकतोस का?" हा 'रेडिनेस प्रोब'. इथे 'नाही' म्हटले तर नोकरी जात नाही. फक्त त्याच्याकडे नवी गिऱ्हाइके पाठवावयाची नाहीत. हातातले काम आटोपले, भांडे मोकळे झाले, की तो 'हो' म्हणतो आणि पुन्हा ओळीत येतो.

तिसरा प्रश्न फक्त नव्या माणसाला : "आलास, हातपाय धुतलेस, चूल पेटली का?" हा 'स्टार्टअप प्रोब'. याचे 'हो' येईपर्यंत पहिले दोन प्रश्न विचारावयाचेच नाहीत.

आता समजा, भर दुपारी सिलिंडर संपला. दुसरा आणायला माणूस गेला आहे, पाच मिनिटांत येईल. शहाणा मालक काय करील? गिऱ्हाइकांना ताक देईल, थोडे थांबा म्हणेल. पण या खाणावळीत कुणी अतिशहाण्याने पोऱ्याला असे शिकवून ठेवले आहे की, "जिवंत आहेस का, एवढेच विचारू नकोस, चुलीत जाळ आहे का, तेही बघ, आणि नसला तर 'नाही' धर." झाले! पोऱ्या पहिल्या आचाऱ्याकडे गेला, जाळ नाही, रजा. दुसरा, रजा. अर्ध्या मिनिटात आठही आचारी रस्त्यावर आणि आठ नवे आत. त्यांच्याही चुलीत जाळ नाहीच. तेही रस्त्यावर. सिलिंडर येतो तेव्हा स्वयंपाकघरात एकही आचारी धड उभा नाही. जो तो नुकताच येऊन कमरेला फडके बांधतो आहे. आणि मग सगळे एकदम शेगडीवर तुटून पडतात!

या गोष्टीत सिलिंडरच्या जागी 'डेटाबेस' हा शब्द घाला, म्हणजे प्रोग्राम लिहिणारी मंडळी हसणे थांबवून गंभीर होतील. सर्व पेट्या ज्या एका डेटाबेसवर अवलंबून आहेत, त्याची चौकशी लाइव्हनेसच्या प्रश्नात घालणे, ही या धंद्यातली फार जुनी आणि अजून न गेलेली खोड आहे. डेटाबेस दोन मिनिटे अडखळला की ठणठणीत पेट्यांची कत्तल होते. डेटाबेस सावरतो, तोच शेकडो नव्या पेट्या त्याच्या दारात एकाच वेळी उभ्या राहतात आणि त्याला पुन्हा आडवे करतात. पाच मिनिटांचे दुखणे तासावर जाते.

तेव्हा नियम असा की, पहिल्या प्रश्नात ज्याने त्याने आपल्यापुरतेच बोलावे. आपण नव्याने उठून बसलो तर जे दुखणे बरे होईल, तेवढ्यालाच 'नाही' म्हणावे. शेजाऱ्याचा ताप आपल्या नाडीत मोजू नये. माझे तर स्पष्ट मत आहे की, लाइव्हनेसच्या प्रश्नात काय विचारावे हे ठरत नसेल, तर तो मुळीच लावू नये. कोसळलेली पेटी मुकादम उभी करतोच. वाईट लाइव्हनेसपेक्षा लाइव्हनेस नसलेला परवडला.

रेडिनेसच्या प्रश्नात डेटाबेसची चौकशी घालावी की नाही, यावर मात्र जाणत्यांतही मतभेद आहेत. घातली तर सिलिंडर संपताच आठही आचारी 'आता नको' म्हणतात आणि मालकाला दारावर 'बंद' अशी पाटी लावावी लागते. मग ज्याला नुसते कोकम सरबत हवे होते, त्यालाही ते मिळत नाही. न घातली तर गिऱ्हाईक आत येते आणि आचारी त्याला 'जेवण नाही, सरबत घ्या' असे निदान सांगू तरी शकतो. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. पण ज्या खाणावळीत जाळाशिवाय काहीच मिळत नाही, तिथे पाटी लावणेच प्रामाणिकपणाचे, हेही खरे.

एक सेकंदाची किंमत

आता आकड्यांकडे वळू. कुबरनेटीसला आपण काहीच सांगितले नाही, तर तो दर १० सेकंदांनी प्रश्न विचारतो, उत्तरासाठी १ सेकंद थांबतो, आणि लागोपाठ ३ वेळा चुकले म्हणजे शिक्षा देतो. म्हणजे बिघाड झाल्यापासून तो पकडला जाईपर्यंत साधारण अर्धे मिनिट. एरवी हे आकडे ठीकच आहेत. पण तो एक सेकंद फार दगाबाज आहे.

तत्काळ तिकिटाच्या वेळी काय होते ते आठवा. सकाळी दहाला वातानुकूलित वर्गाची तिकिटे उघडतात, अकराला बाकीच्यांची. त्या एका मिनिटात घरोघरी सगळ्यांची बोटे एकदम पडतात. आपल्या खाणावळीत अशीच ऐंशी गिऱ्हाइके एकदम आली, असे समजा. आठ आचाऱ्यांत दहा-दहा. सगळे घामाघूम, पण काम चालू आहे. पोऱ्या येऊन विचारतो, "जिवंत आहेस का?" आचारी कढईत झारा फिरवीत दीड सेकंदाने "हो रे बाबा" म्हणतो. पण पोऱ्या एक सेकंद थांबून निघून गेलेला असतो. असे तीनदा झाले की त्या आचाऱ्याला रजा. त्याची दहा गिऱ्हाइके उरलेल्या सातांवर पडली. प्रत्येकी साडेअकराच्या आसपास. आता तेही उशिरा 'हो' म्हणू लागतात. आणखी एक गेला. प्रत्येकी तेराहून अधिक. पुढचे सांगावयास नकोच. यात आजारी कुणीच नव्हते. होते ते फक्त कामात होते. सबंध खाणावळ बंद पाडली ती नाडी पाहणाऱ्याने.

म्हणून लाइव्हनेसच्या बाबतीत हात सैल ठेवावा. उत्तराला वेळ अधिक द्यावा, चुका अधिक माफ कराव्यात. रेडिनेसला तेवढी ढिलाई लागत नाही, कारण तिथली शिक्षा सौम्य आहे. दम खाऊन माणूस परत ओळीत येतो. दोन्ही प्रश्नांना एकच पत्ता आणि एकच आकडे देऊन टाकणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी दोन निराळ्या शिक्षांचा एकच गुन्हा केला, असे म्हणावे लागते.

नव्या माणसाची तऱ्हा आणखी निराळी. जावा या भाषेतले मोठाले प्रोग्राम जागे व्हायलाच कधी कधी एक-दोन मिनिटे घेतात. दूध तापायला ठेवून लगेच झाकण उघडून 'उकळले का' म्हणून पाहणाऱ्या सुनेसारखा मुकादम अधीर असेल, तर हा प्रोग्राम कधीच जागा होत नाही. डोळे चोळतो आहे तोच त्याला मेला म्हणून पुन्हा झोपवितात, पुन्हा उठवितात. पूर्वी यावर 'सुरुवातीचे अमुक सेकंद विचारूच नका' असा अंदाजपंचे उपाय करीत. २०२० सालापासून कुबरनेटीसमध्ये स्टार्टअपचा प्रश्न पक्का झाला. दर १० सेकंदांनी विचारा, ३० वेळा माफ करा. म्हणजे जागे होण्यास ३०० सेकंदांपर्यंत मुभा. विसाव्या सेकंदालाच उठला तर उत्तमच, तिथून पुढे नेहमीचे प्रश्न सुरू.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. डॉकरच्या पेटीवरच नाडीपरीक्षेची सूचना लिहून ठेवण्याची सोय २०१६ सालापासून आहे, आणि ती लिहून निश्चिंत झालेले लोक मी पाहिले आहेत. कुबरनेटीस ती सूचना वाचीतच नाही! त्याला त्याच्या स्वतःच्या वहीत लिहून द्यावे लागते.

मंगळावरचा रोगी

पुन्हा उठवून बसविणे हा उपचार नव्हे, याचे फार सुंदर उदाहरण पृथ्वीबाहेरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी नासाचे 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरले. थोड्याच दिवसांत त्यातला संगणक मधूनच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करू लागला. आतले एक महत्त्वाचे काम ठरल्या वेळात पुरे झालेले नाही, हे दुसऱ्या कामाच्या लक्षात येई, आणि सावधगिरी म्हणून सबंध संगणक नव्याने उठविला जाई. यान सुरक्षित राही; पण त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात. अभियंत्यांनी मग पृथ्वीवर तसाच जोड संगणक घेऊन प्रयोगशाळेत तोच बिघाड घडवून आणला. एक हलक्या दर्जाचे काम हातात वस्तू धरून बसते, मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू देत नाहीत, आणि वरच्या दर्जाचे काम त्या वस्तूसाठी ताटकळते, असा तो गुंता निघाला. दुरुस्ती कोट्यवधी मैलांवर पाठविली गेली आणि यानाची झोपमोड थांबली.

ढगातल्या पेट्यांच्या नशिबी मात्र असे अभियंते क्वचित येतात. दिवसातून चाळीस वेळा मरून चाळीस वेळा उठणारी पेटी पाहून पुष्कळ ठिकाणी समाधानच मानतात : "आपोआप उठते ना? मग झाले!" पेटी किती वेळा उठविली गेली, हा आकडा मुकादम लिहून ठेवीत असतो. तो रोज पाहण्याची सवय ज्या कचेरीत आहे, तिथे रात्रीचे फोन कमी वाजतात.

झटपट वाढपी

याच्या उलट बाजूचा धोका अधिक फसवा आहे. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनीच आपल्या जुन्या दिवसांतली एक हकिकत लिहून ठेवली आहे. वस्तूंची माहिती देणाऱ्या अनेक यंत्रांपैकी एकाची डिस्क भरून गेली. ते यंत्र प्रत्येक मागणीला कोरे उत्तर देऊ लागले. कोरे उत्तर द्यायला वेळ तो किती लागणार? ते सर्वांत आधी मोकळे होई. दारावरचा वाटप करणारा, ज्याला 'लोड बॅलन्सर' म्हणतात, तो म्हणे, "वा! काय चलाख गडी आहे!" आणि अधिकाधिक मागण्या त्याच्याकडेच धाडी. रिकामी ताटे झपाझप वाढणाऱ्या वाढप्याकडे मालकाने सगळी पंगत वळवावी, तसा हा प्रकार. एका यंत्रापायी सबंध दुकान लुळे पडले.

'जिवंत आहेस का' या प्रश्नाला ते यंत्र खुशाल 'हो' म्हणत राहिले असते. आणि ते खोटेही नव्हते. तेव्हा दुसऱ्या प्रश्नात थोडी खोली हवी. आपल्या डिस्कवर जागा आहे का, आपल्याला लागणाऱ्या फाइली हाताशी आहेत का, इतपत चौकशी त्यात असावी. शिवाय रिकामी ताटे मोजणारा माणूस निराळा नेमावा, कारण प्रत्येक दुखणे नाडीत सापडतेच असे नाही.

दारावरच्या वाटप करणाऱ्याची स्वतःची नाडीपरीक्षाही वेगळी चालते, हे विसरून चालत नाही. ॲमेझॉनचा दारवान, त्याला दुसरे काही सांगितले नसेल तर, दर ३० सेकंदांनी विचारतो, उत्तराला ५ सेकंद देतो, २ चुकांवर नाव खोडतो आणि लागोपाठ ५ 'हो' आल्याखेरीज परत लिहीत नाही. आत मुकादमाचे घड्याळ एक, दारावर याचे दुसरे. पेटीला निरोप दिल्यावर मुकादम आवराआवरीसाठी ३० सेकंद देतो. पण पेटीने निरोप मिळताच दिवा मालवला, तर दारवानाला पत्ता नसतो आणि तो गिऱ्हाइके अंधारात पाठवीत राहतो. चांगल्या पेटीची रीत अशी : निरोप मिळाला की आधी 'आता नवे नको' म्हणावे, दारवानाच्या कानी ते पडेपर्यंत थांबावे, हातातली ताटे पुरी करावीत, मग जावे. नवी आवृत्ती चढविताना 'व्यवहार अयशस्वी' असे जे चारदोन गिऱ्हाइकांच्या पडद्यावर उमटते आणि ज्याचा पुढे कुणालाच थांग लागत नाही, त्याचे मूळ पुष्कळदा या अर्ध्या मिनिटात असते.

आणि सगळीच्या सगळी यंत्रे आजारी निघाली तर? हा दारवान तेव्हा एक शहाणपणाची गोष्ट करतो. एकही नाव शिल्लक नसेल, तर तो वही बाजूला ठेवून सर्वांकडे गिऱ्हाइके पाठवितो. आठच्या आठ आचारी एकाच क्षणी आजारी पडले, यापेक्षा नाडी पाहणाऱ्याचाच हात बधिरला असण्याचा संभव अधिक, असा त्यामागे हिशेब आहे.

नरक चतुर्दशीची रात्र

हा हिशेब किती खरा, ते २०२५ सालच्या दिवाळीत साऱ्या जगाने पाहिले. २० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी. आपल्याकडे अभ्यंगस्नान, फराळ आटोपून लोक दुपारच्या जेवणाकडे वळत होते. घड्याळात १२ वाजून १८ मिनिटे झाली होती. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या ॲमेझॉनच्या अवाढव्य केंद्रात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तिथे पत्त्यांची वही सांभाळणाऱ्या दोन स्वयंचलित कारकुनांची एकमेकांशी गाठ पडली आणि 'डायनॅमोडीबी' या डेटाबेसचा पत्ता लिहिलेले पानच कोरे झाले. डेटाबेस जागेवर होता. पण त्याच्याकडे जावयाचे कसे, हे कुणालाच कळेना. स्नॅपचॅट, सिग्नल, रोब्लॉक्स, इंग्लंडातली लॉइड्स बँक, एकापाठोपाठ एक अडखळू लागली.

तो पत्ता आपल्या दुपारी तीनच्या सुमारास परत लिहिला गेला. इथे गोष्ट संपावयास हवी होती. पण मधल्या काळात नवी यंत्रे उभी करण्याचे काम तुंबले होते. आणि उभी राहिलेल्या यंत्रांना जाळ्याची जोडणी उशिरा मिळत होती. म्हणजे आचारी आला, चूलही पेटली, पण स्वयंपाकघराच्या दारापर्यंतचा जिना अजून बांधावयाचा आहे! नाडी पाहणारी यंत्रणा मात्र या नव्या यंत्रांना कामावर घेत सुटली. कधी हाक पोहोचे, कधी पोहोचत नसे. ज्यांची प्रकृती उत्तम होती, त्यांचीही नावे खोडली जाऊ लागली, पुढच्या हाकेला 'हो' आले की पुन्हा लिहिली जाऊ लागली, पुन्हा खोडली. आपल्या संध्याकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी हे अभियंत्यांच्या लक्षात आले. या खोडाखोडीचा बोजा नाडी पाहणाऱ्या यंत्रणेवरच इतका पडला की, ती स्वतःच आजारी झाली. तिला उशीर होऊ लागला, आणि उशीर म्हणजे बिघाड, असे समजून दुसरी स्वयंचलित यंत्रणा ठणठणीत यंत्रे भागाभागाने व्यवहारातून काढून टाकू लागली.

आपल्याकडे दारोदार पणत्या तेवत होत्या. रात्री १० वाजून ६ मिनिटांनी अभियंत्यांनी ते आपोआप नावे खोडण्याचे काम हाताने बंद केले. तेवढ्याने सर्व निरोगी यंत्रे परत ओळीत आली. कुणाला औषध द्यावे लागले नाही, कुणाला बदलावे लागले नाही. वैद्याला बाहेर बसविले आणि रोगी उठून कामाला लागले. मूळ दुखणे निस्तरल्यावर, आपल्या पहाटे २ वाजून ३९ मिनिटांनी, वैद्याला पुन्हा आत घेण्यात आले.

या प्रकाराची हकिकत ॲमेझॉनने पुढे तपशीलवार प्रसिद्ध केली. तिच्या शेवटी सुधारणांची यादी आहे. त्यातली एक अशी : नाडीपरीक्षेत कितीही जण नापास झाले, तरी एका दारवानाने एका दमात किती यंत्रे कमी करावीत, यावर आता लगाम घालण्यात येईल.